फौजदाराचे चोवीस

२ मार्च

एकविसावा! आज बुलबुल.

मी मशिनवर एका कोटाला अस्तर लावत होते, तर फौजदार खिडकीतून आत. आवाज नाही, धक्का नाही — बटणांच्या डबीला शेपटीसुद्धा लागू दिली नाही. पक्षी माझ्या पायाशी ठेवला आणि बाजूला बसून पंजा चाटायला लागला. जसं काही, 'माल पोचला, सही करा.' काय रुबाब! मागची भिंत माझ्या डोक्याहून उंच, वर लोखंडी टोकं, आणि हा बोका एका उडीत वर. टोकांच्या मधून असा चालतो की बघत राहावं.

पक्ष्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण कौतुक जास्त वाटतं. आता इथे तरी खोटं कशाला लिहू? लोक मुलांचे मार्क लिहून ठेवतात, मी याचे लिहिते. गेल्या वर्षी पहिली चिमणी आणली तेव्हापासून एकही चुकवलेला नाही.

बुलबुल कातरणाच्या पिशवीत घालून कचऱ्यात. ह्यांनासुद्धा बोलले नाही.

३ मार्च

दुर्बीणबाई आल्या! तिसऱ्या मजल्यावरच्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ गॅलरीत दुर्बीण लावून पक्षी बघतात, म्हणून हे नाव मी ठेवलंय. तोंडावर अर्थात 'मॅडम'. गुडघे गेलेत, कठडा धरून एकेक पायरी उतरतात, म्हणजे काम तसंच असणार.

हातात पाकीट. पाकिटात मेलेला दयाळ! वर तारीख, वेळ आणि 'मागील भिंत, मेंदीखाली'.

"माझ्या नोंदीत तुमच्या बोक्याचा हा नववा," म्हणाल्या.

नववा! हसू आलं ते गिळलं. त्यांना सापडतात ते फक्त बाहेर टाकलेले. घरी आणलेले कुठे दिसतात?

म्हणाल्या, "सध्या घरटी बांधायचे दिवस आहेत. त्याला घरात ठेवा."

मी म्हटलं, "मॅडम, मांजर आहे ते. बरणीतली साखर नाही, झाकण लावून ठेवायला."

"बाहेर गाडीखाली येईल. काही विषारी खाईल. कुत्री आहेत. आतलं मांजर जास्त वर्षं जगतं."

"आणि तेवढी वर्षं करेल काय? भिंतीकडे बघत बसेल?"

तर म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. मी विचार करते." आणि गेल्या! भांडायला आलेलं माणूस असं बोलतं का कुठे? मी पुढची सहा वाक्यं तावातावानं तयार ठेवली होती, ती तशीच घशात राहिली.

५ मार्च

बावीस. चिमणी. पिशवीत.

७ मार्च

जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस. 'इमारतीतील पाळीव मांजरे बाहेर मोकळी सोडू नयेत' असा ठराव. मांडणार — दुर्बीणबाई! बैठक एकवीस तारखेला, रविवारी. मांजरे म्हणे! इमारतीत मांजर आहे एक. सरळ माझ्या नावानं लिहायचं ना, भीती कुणाची?

हे वायरमन. दिवसभर खांबावर, त्यामुळे सगळं वरून बघायची सवय. जेवताना विचारतात कसे, "झाला ठराव मंजूर, तर काय करशील?"

काय करणार! ऑपरेशनच्या वेळी चार दिवस कोंडला होता, तर गिऱ्हाइकाचे दोन पडदे फाडले आणि चौथ्या दिवशी खाणंच सोडलं. कोंडला तर तो जगायचा नाही. कुणाला देऊन टाकला तर मी जगायची नाही. कातरणाच्या टोपलीत सापडला तेव्हा डोळेसुद्धा उघडले नव्हते. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलंय मी त्याला, दर दोन तासांनी.

हे म्हणतात, "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं." म्हणू देत. बाब्याच आहे माझा.

९ मार्च

दुर्बीणबाई परत! दार उघडतानाच पदर खोचला होता, पण हातात पाकीट नव्हतं. कागद होता. त्यावर हातानं काढलेलं चित्र — मांजराच्या गळ्यात रुंद, भडक झालरीचा पट्टा.

"मी विचार केला," म्हणाल्या. "भडक रंग पक्ष्यांना लांबून दिसतो. त्यांना उडून जायला वेळ मिळेल. तुमचा बोका मोकळा, माझे पक्षी जिवंत. हा पट्टा चालला तर ठराव मी मागे घेईन. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा जुना प्रश्न आहे, पण इथे शिंपीण घरातच आहे." आणि हसल्या! चार वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं.

म्हणजे ठराव यांचाच, आणि तो मांडायची वेळ येऊ नये म्हणून धडपडही यांचीच. अजब बाई! आवडायला लागल्या की काय मला?

पण जाता जाता माशी शिंकली. म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा, कुठे अडकला तर ताण बसताच सुटला पाहिजे. शिवण कच्ची घाला."

नाकाला मिरच्याच झोंबल्या. कच्ची? मी? बत्तीस वर्षांत माझी टीप कुणाच्या अंगावर उसवलेली नाही. लोक दोन बस बदलून माझ्याकडे येतात ते कशासाठी? यांना म्हणावं, पक्षी तुमचे, शिवण माझी.

१० मार्च

पट्टा झाला. छत्रीचं कापड, पिवळं आणि केशरी, दुहेरी घडीचं. आतून पट्टी. नायलॉनचा दोरा, चार टिपा. मी ओढून बघितला, ह्यांनी पाय रोवून ओढून बघितला — ढिम्म! कच्ची शिवण म्हणे.

फौजदारानं दहा मिनिटं माझ्याशी अबोला धरला. सर्कशीतला विदूषक दिसतो. मग गेला आणि चढला भिंतीवर, झालरीसकट. चाल तीच! बिघडत नाही याचं काही.

१३ मार्च

तीन दिवस एकही पक्षी नाही. दुर्बीणबाईंनी वरून हात केला. मीपण केला.

१४ मार्च

तेवीस. झालर असून! धन्य आहे रे बाबा तुझी.

पिशवीत. बाईंना सांगितलं नाही. सांगितलं की ठराव आलाच. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, आज मालकिणीनंही प्यायलं.

१६ मार्च



दुपारी मशिन चालू होतं, त्यामुळे आधी काही ऐकूच आलं नाही. मग मागून आरोळी — "कात्री! तुमची मोठी कात्री आणा!"

धावले. भिंतीवरच्या लोखंडी टोकात झालर अडकली होती, आणि फौजदार अलीकडे लोंबकळत होता. म्हणजे लोंबकळला असता. दुर्बीणबाई उलट्या कुंडीवर उभ्या राहून दोन्ही हातांनी त्याला वर उचलून धरून होत्या, गळ्याला ताण बसू नये म्हणून. आणि तो जिवाच्या आकांतानं त्यांनाच ओरबाडत होता. दोन्ही हात रक्तानं भरलेले. कानाजवळ एक ओरखडा. गळ्यात दुर्बीण तशीच. तिच्यातून वरून त्यांना दिसलं होतं, आणि ती गुडघे धरून उतरणारी बाई तीन मजले उतरून आली होती! स्वयंपाकघरातली कात्री बरोबर आणली होती, ती खाली पडलेली. तिनं पट्टा कापलाच गेला नाही.

कसा जाईल? दुहेरी घडी. नायलॉनचा दोरा. चार टिपा. माझ्या!

माझ्या मोठ्या कात्रीलासुद्धा दोनदा दाबायला लागलं. सुटला तसा पळाला, मशिनखाली जाऊन बसला. बाईंना मात्र कुंडीवरून उतरता येईना. मी कमरेला धरून उतरवलं. आता ऐकवतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले. ऐकवायचा हक्कच होता. तर म्हणतात कशा, "श्वास नीट घेतोय का, आधी ते जाऊन बघा."

कच्ची शिवण हा शब्दसुद्धा काढला नाही. ज्या बोक्यानं त्यांचे पक्षी मारले त्याला त्यांनी उचलून धरलं, रक्त निघेपर्यंत. मी त्यांच्या जागी असते तर? लिहवत नाही, पण मी आधी गॅलरीतूनच दोन शब्द सुनावले असते. मग उतरले असते.

१७ मार्च

वर गेले, हातांना लावायला मलम घेऊन. त्यांनी इंजेक्शन घेतलं होतं. टेबलावर कापलेला पट्टा! उलटून-सुलटून बघत होत्या. म्हणाल्या, "काय सुंदर शिवण आहे हो. एक टाका वाकडा नाही." टोमणा नव्हता. मनापासून. मला रडूच आलं, आणि त्यांना कळेना काय झालं.

मग म्हणाल्या, "तुमच्या त्या प्रश्नाचा अजून विचार करतेय. भिंतीकडे बघत बसेल का, तो. तुमच्या मागच्या ओट्याला वरपर्यंत जाळी लावली तर? ऊन मिळेल, झाडाची फांदी मिळेल, आकाश दिसेल."

मी म्हटलं, "पिंजराच की तो."

"हो. पिंजराच," म्हणाल्या. "मोठा."

खोटं बोलायला येतच नाही या बाईला.

१८ मार्च

नवा पट्टा. सुती दोरा, एकच टीप, लांब टाक्यांची. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम कच्चं शिवलं. तीनदा उसवलं, कारण हात आपोआप पक्कंच शिवत होता.

संध्याकाळी फौजदार पट्ट्याशिवाय परत. म्हणजे कुठेतरी अडकला होता, आणि सुटला. देवा.

१९ मार्च

चोवीस. सुगरण. या वेळी जिवंत होती, माझ्या तळहातावर गेली. किती हलकी! चोवीस झाले, पण एकही मी असा हातात धरून बघितला नव्हता.

आज कौतुक लिहायला जमत नाही.

२१ मार्च

बैठक झाली. मी जिंकले. जेवण गेलं नाही.

दुर्बीणबाई वही घेऊन उभ्या राहिल्या. हातांवर अजून पट्ट्या. मी मनातल्या मनात भांडण तयार ठेवलं होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. वर्षभरात मेलेले पक्षी सापडले एकतीस. आठांचं कारण कळलं नाही. बोक्याचे नऊ. मग थांबल्या, पाणी प्यायल्या.

"आणि चौदा माझ्या गॅलरीच्या काचेवर आपटून मेले. ती काच गेल्या वर्षी मी हौसेनं बसवली. ठराव दिला तेव्हा बेरीज केली नव्हती. काल केली. या इमारतीतली सगळ्यात मोठी शिकारी मी आहे. बोक्याला बोलायचा मला अधिकार नाही. ठराव मागे घेते, आणि उद्यापासून काच पक्ष्यांना दिसावी म्हणून तिच्यावर पट्ट्या लावते."

सेक्रेटरींचा आ वासलेला तो वासलेलाच. मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. पंचवीस माणसांसमोर स्वतःचं माप स्वतःच काढायचं, आणि तेही कुणी विचारलं नसताना! अशी छाती मी उभ्या जन्मात बघितली नाही. माणूस असावं तर असं.

लोक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बघा, उगाच तुमच्या बोक्यावर आळ." मी हसले. हो, हसले! नऊ आणि चोवीस, तेहेतीस होतात. तिकडे त्या चौदांसाठी मान खाली घालून उभ्या, आणि इकडे मी कातरणाच्या पिशव्या पोटात घेऊन अभिनंदन स्वीकारतेय. लाज वाटली. इतकी की घरी येऊन ह्यांना सगळं सांगून टाकलं.

हे म्हणाले, "मिटलंय ना आता? मग हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बरोबर आहे त्यांचं. मिटलंय. वही माझी, कपाट माझं, किल्ली माझ्याकडे. कुणाला कधी कळायचं नाही.

टेप घेऊन मागच्या ओट्यावर गेले. लांबी अकरा फूट, रुंदी पाच. फौजदार भिंतीवर बसून माझ्याकडे बघत होता, उन्हात. काय देखणा दिसतो मेला!

२२ मार्च

मॅडम, आजचं पान तुम्हाला. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून वहीच तुमच्या दारात ठेवतेय. चोवीस आहेत, तारखांसकट. तुमच्या नवात मिळवा, आणि बैठक पुन्हा बोलवा. ओट्याची जाळी शिवायला घेतलीय. तिथे तरी पक्की टीप चालेल ना? फौजदार आत आहे, सकाळपासून ओरडतोय, मीही रडतेय. पहिल्या पानापासून वाचा. दुर्बीणबाई कोण, ते तुम्हाला कळेलच.