नाळेचा वेढा

गुरुवार, सकाळी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. कागदावर झेपतो तेवढा, कंबर धरलीय.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या ‘वेढा’ चाललाय. दोरीचा खांबाला वेढा, फौजेचा किल्ल्याला वेढा, बोटातलं वेढं. संपादक म्हणाले, “बाई, जिवंत उदाहरणं द्या.” तुझंच देणार होते: पोरीनं मनासारखं लग्न केलं म्हणून स्वतःच्याच घराला आतून वेढा घालून बसलेली बाई. पण धाकटी पडले, जीभ आवरली.

असो. काल दुपारी तुझी लेक बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. तुला कळवायचं नाही अशी तंबी आहे, तेव्हा हे तू वाचलेलं नाहीस.

तुझा न मानलेला जावई बाहेर बाकावर पांढराफटक होऊन बसला होता, म्हणून आत मी. डोकं बाहेर आलं आणि सुईण म्हणाली, “थांब, आता जोर लावू नकोस. गळ्याला नाळेचा वेढा आहे.”

ताई, जन्म शब्द चिवडण्यात गेला, पण हा अर्थ कधी टिपला नव्हता. सुईणीनं काहीच ओढलं नाही. वेढ्याखाली एक बोट सारलं, सैल केला आणि अलगद डोक्यावरून काढला, झोपलेल्या पोरीच्या गळ्यातली माळ काढावी तसा. खाली आणखी एक होता. तोही.

“घट्ट नसतो हो,” मला म्हणाली, “ओढाओढ केली की होतो.”

बाळ निळसर. रडेना. तिनं पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि मग असं भोकाड पसरलं म्हणतेस! नाळ अजून नाडीसारखी उडत होती, ओली, पिळदार. गळ्याला पडलेली तीच, आणि इतके महिने भरवत आलेली तीच. मी, जी सांत्वनाला जाऊनही टोमणा मारून येते, हात जोडून उभी. कुणाला जोडले, विचारू नकोस.

आता राहिलेलं. “आई गं” तर कळांमध्ये सगळ्याच म्हणतात, ते मी धरत नाही. पण दार वाजलं की तुझी लेक मान वळवायची. परिचारिका आली, सफाईवाली आली, दर वेळी. शेवटी म्हणाली, “मावशी, ते दार लावून घे ना.”

मी लावलं.

ती बोलावणार नाही. तुझ्याच पोटची आहे. हे पत्र आणणारा तो उंच, घाबरट माणूस कोण, हे एव्हाना कळलंच असेल. तुला घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं बजावून पाठवलंय. बिचाऱ्यानं कालपासून काही खाल्लेलं नाही. त्याला आधी आत घे, मग चपला घाल.

वाट बघत्येय,
तुझ्याआधी नातीला मांडीवर घेऊन बसलेली,
तुझी धाकटी