एकाच भाऊबिजेचे दोन कागद

मी, मालती महादेव म्हात्रे, वय त्र्याहत्तर, धंदा गणपतीच्या मूर्ती करणे, राहणार हमरापूर, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे सोडले तर माझी कशाबद्दलही तक्रार नाही. मसुदा वकिलांचा, मधली बडबड माझी. ती काढू नये, असे मी त्यांना बजावले आहे.

१. माझे वारस दोन. थोरली भाविका, रोह्याला कंपनीत लॅबमध्ये नोकरीला, जवळच वरसे गावात भाड्याने राहते. लग्न केलेले नाही आणि त्याची चौकशी करणाऱ्याला ती पाणीसुद्धा विचारत नाही. धाकटा निलेश, कारखाना तोच पाहतो. त्याची बायको सुरभी, माहेर रोह्याचे. दोन्ही मुले गुणाची आहेत. पण गेल्या भाऊबिजेपासून ती एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या पश्चात ती एकमेकांच्या दारात उभी राहतील की नाही, एवढीच मला काळजी आहे, आणि हे सगळे लिहिण्याचे कारणही तेवढेच. भाऊबिजेला काय झाले ते कलम चारमध्ये येईल.

२. मूर्तींचा कारखाना माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो साचे, कॉम्प्रेसर आणि रंगाच्या पिचकाऱ्यांसकट मी निलेश आणि सुरभी या दोघांच्या नावे करते. निलेश विचारेल, तिचे नाव कशाला. तो गिऱ्हाइकांना सांगतो, बायको मदत करते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आमच्या घरात सुरभीइतकी कोणाला जमत नाही, आणि गिऱ्हाईक आधी डोळे बघते. सबंध दिवस मान मोडून जी डोळे आखते, तिच्या कामाला मदत म्हणणे मला पटत नाही. सुरभीलाही पटत नाही, ती फक्त बोलत नाही. निलेशचा ओतकामात हात फार चांगला आहे, हेही इथे लिहिते. नाहीतर म्हणेल, आयेने एकच बाजू धरली.

३. शेजारी पोपट पाटील यांचा मुलगा आदर्श याचे लग्न जमत नाही. पोरगा निर्व्यसनी, दिसायला बरा. पण मुलगी बघायला गेला की पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत विचारतो, नोकरी सोडाल ना? मुली घरी गेल्यावर नकार कळवतात. आदर्शला वाटते, हल्लीच्या मुली शेफारल्या. मी त्याला सांगितले, बाबा, तुझी आई मिठागरावर जात होती तेव्हा तुझ्या बापाने नाही सोडायला लावले. तो म्हणतो, तेव्हाची गोष्ट वेगळी. तर त्याच्या होणाऱ्या बायकोस मी माझी पितळी समई देते. अट अशी की, लग्नानंतर वर्षभराने ती नोकरीवर जात असावी. नसल्यास समई सुरभीकडे राहील. पोपटभाऊंना ही अट मान्य नाही, समई मात्र त्यांना आवडते.

४. राहते घर. आमचे हे गेल्यावर घरावर आम्हा तिघांची नावे सारखी लागली. गेल्या भाऊबिजेला सकाळी भाविकाने निलेशला ओवाळले. त्याने ताटात पैठणी ठेवली आणि पैठणीखाली हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीने वडिलांच्या घरातला आपला हिस्सा भावाला सोडल्याचा कागद. आमच्याकडे हे असेच चालत आले आहे. बहीण सही करते, साडी नेसते, आणि माहेर शाबूत राहिले म्हणून खूश होते. मीही माझ्या भावाला अशीच सही दिली आणि खूश होते. भाविकाने कागद शेवटपर्यंत वाचला.

म्हणाली, "साडी झ्याक हाय. सही नाय करणार."

"ताई, सगल्या बहिणी देतात. नाक्यावर इचार कोनालाबी."

"नाक्यावर सगले भाऊच बसतात. माज्या शिफ्टमधल्या पोरींना इचार."

"म्हंजे तुला घर फोडायचं हाय."

"फोडायचं नाय रे. घरात माजं नाव ठेवायचं हाय."

पैठणी पाटावर ठेवून ती निघून गेली. निलेश दुपारपर्यंत धुसफुसत होता, पोरींना कंपनीतल्या मैत्रिणी शिकवतात म्हणून.

दुपारी सुरभीचा भाऊ धनेश ओवाळून घ्यायला आला. त्यानेही साडी आणली होती, आणि साडीखाली तसाच कागद. सुरभी बिचारी पेन शोधू लागली. एवढ्यात निलेश आतून हात पुसत आला.

"सही करू नको हां. कायद्यानं तुजा हिस्सा हाय. बापाच्या घरात मुलीचा हक्क असतो."

सुरभीने पेन ठेवले आणि अगदी हळू विचारले, "मंग सकाली ताई काय बोलत होत्या?"

निलेश पुसलेले हात पुन्हा पुसू लागला. धनेश विचारू लागला, सकाली काय झालं? कोणी सांगेना, म्हणून मी सगळे सांगितले, आणि सांगताना मला इतके हसू आले की सुरभीला माझी पाठ चोळावी लागली. धनेश जेवला आणि कागद परत घेऊन गेला. साडी देऊन गेला, हा त्याचा चांगुलपणा.

मुलगे वाईट नाहीत. त्यांना बायकोचा हक्क दिसतो, बहिणीचा दिसत नाही. मुलींना दोन्ही दिसतात, म्हणून त्या भांडखोर ठरतात. माझा तिसरा हिस्सा मी दोघांना निम्मा निम्मा देते, म्हणजे घर दोघांचे सारखे होईल. त्यात रस्त्याकडची खोली भाविकाची. यापुढे या घरात कोणी कोणाला साडीखाली कागद देऊ नये.

५. माझ्या पाटल्या भाविकाला, तिने लग्न केले तरी आणि नाही केले तरी. बोरमाळ सुरभीला. माझ्या दहाव्याला भाऊ-बहिणीने पिंडाजवळ शेजारी शेजारी उभे राहावे. एकटा कोणी उभा राहिला तर मी शिवणार नाही, मग दिवसभर कावळ्याची वाट बघत बसा.

वरील मजकूर मी दोन्ही मुलांना समोर बसवून वाचून दाखवला. भाविका त्यासाठी रजा टाकून आली. वाचून झाल्यावर निलेशने खाली बघत विचारले, "ताई, रस्त्याकडच्या खोलीत मी कच्च्या मूर्ती ठेवतो. आता कुठं ठेवू?"

भाविका म्हणाली, "तिथंच ठेव. पन इचारून ठेव."

"मंग ठेवू का?"

"व्हय. ठेव."

मजकूर बरोबर आहे. खाली सही करते.

मालती महादेव म्हात्रे

साक्षीदार:
१. पोपट हरी पाटील, हमरापूर (कलम तीन सोडून सर्व मान्य)
२. मृणाली गजानन ठाकूर, वरसे, तालुका रोहा (भाविकाच्या शिफ्टमधली मैत्रीण)

ठिकाण: पेण
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५