टोपलीतला न धुतलेला स्वेटर

डेहराडून,
२० जानेवारी

प्रिय सत्यशीला,
ताईचे आशीर्वाद.

आठवतं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर टाके मोजायला आल्या की तू माझंच विणकाम आपलं म्हणून दाखवायचीस? परवाचा फोटो पाहून तेच आठवलं. माझी गुंडी मांजर तुझ्या मांडीवर, पोट वर करून! बारा वर्षांत ती माझ्याखेरीज कुणाच्या मांडीवर झोपली नाही.

मी मजेत आहे. निकिताचं बाळ छान दूध पितं. ती म्हणते, "आई, उन्हाळ्यापर्यंत राहा." जीव मात्र नगरच्या घरात आहे.

मांजरांसाठी तू आणि भागवतराव माझ्या घरी राहिलात, हे उपकारच. पण फोनवर तू किती सहज म्हणालीस, "ताई, टोपलीतला तुझा स्वेटर कळकट झाला होता गं, स्वच्छ धुतला!" अगं, माझ्या वासावर दोन्ही मांजरं झोपावीत म्हणून आठवडाभर अंगात घालून मुद्दाम तसाच ठेवला होता. एका बादलीत तू मला घरातून काढून टाकलंस.

बोका तरी माझ्या खुर्चीपाशी जातो का? खरं सांग. तुझी शुगर कशी आहे?

पार्सल पाठवते आहे. करडी टोपी भागवतरावांना, हातमोजे तुला. जुनी शाल मी दहा दिवस पांघरली आहे, ती मांजरांच्या टोपलीत घाल. धुऊ नकोस, उन्हात टाकू नकोस आणि स्वतः तर मुळीच पांघरू नकोस.

तुझीच,
ताई