मधात राहिलेली पात

१३ जुलै, रविवार
कथेच्या वर्गात वही परत मिळाली. लाल शाईत: "सुरुवात छान, शेवट छान. मधात काय? नायिका नुसती खिडकीत बसून." चार रकाने आखायला सांगितले. तिला काय पाहिजे, आड काय येतं, ती काय करते, शेवटी काय होतं. माझा तिसरा कोरा. राग आला सरांचा. हाओ, बसते खिडकीत. माझी नायिका आहे!

१५ जुलै
सोपे रकाने भरले.
काय पाहिजे: माझी मैत्रीण मंगला.
आड काय: मीच. तिचा नवरा गेला तेव्हा माझी परीक्षा होती. आज जाते, उद्या जाते करता करता तेरवी झाली. मग कोणत्या तोंडानं जाऊ? हिंगणघाट ते नाचणगाव किती लांब आहे असं! चार वर्षं झाली.
शेवट: मं. माझ्या दारात येते.
ती काय करते: ...

२० जुलै, रविवार
सर म्हणाले, अडलं तर शेवटाकडून मागे या. सर काय शिकवतील मले! निंदायला जायचो तेव्हा एकेकीच्या वाट्याला पिकाची एक ओळ, एक पात यायची. मं. बाजूची पात माझ्यासाठी राखून ठेवायची. तिची पात आधी निंदून व्हायची. मग वळून माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाला बसायची आणि तण काढत मधात येऊन भेटायची. "काय गोगलगाय व तू!"
फार आठवण आली. जेवण गेलं नाही.
शेवटाकडून मागे आले. मं. दारात येते. काऊन येईल? दुःख तिचं, आणि यायचं पण तिनंच? कथेचे चार खर्डे केले, चारहींत तिलाच चालवत आणलं मी. लाज वाटली.

२२ जुलै
आईला वाचून दाखवलं. "कथा गेली चुलीत. तू जाजो नाचणगावले."

२७ जुलै, रविवार
वर्ग बुडवला. दोन एस.टी. बदलून गेले. मं.ची पोरगी दारात. "मावशी, आई वावरात हाय."
कपाशीत एकटीच निंदत होती. मला पाहिलं, मान खाली घातली. मी बांधावरचं खुरपं उचललं, तिच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला बसले. सवय गेली, हाताला फोड आले. मधात भेटलो.
"मंगला, चुकलं माहं."
"तेराही दिवस मी रस्त्याकडं पाहत होती व."
एवढंच. उठली. लगतची पात सोडून पलीकडची धरली. मधली माझ्यासाठी ठेवली की कसं, विचारायची हिंमत झाली नाही. त्याच पातीवर बसले.