आमच्या दारापुढं सनई थांबते

४ जानेवारी, शनिवार
आज सनई ऐकली. अण्णांची! चार वर्षांनी. बापाची फुंक पोरीला कळत न्हाय व्हय?

भाकरी तव्यावर टाकून दाराशी पळाले. पण आमच्या घरापाशी येताच सनई गप. फटीतून बघितलं. कंदील घेतलेली वीसेक माणसं, पुढं अण्णा, सनई खाली धरलेली. मुकाट गेले. चार घरं ओलांडली की परत सुरू.

भाकरी करपली. सासूबाई बोलल्या.

६ जानेवारी
नंदीशनं मोबाइलवर शोधून दाखवलं. या महिन्यापासून दर शनिवारी रात्री संगीतफेरी — किल्ल्यापासून जुन्या गल्ल्यांतून चालायचं, सोबत सनई आणि संबळ. चालवणारा सोलापूरचा उत्कर्ष म्हणून कोणी.

"जा की," नंदीश म्हणाला. "तोंड बांधून जा. बापाची सनई ऐकायला कुणाला विचारायचंय?"

असं बोलतो म्हणून तर जात सोडून याच्याबरोबर पळून आले. पळून म्हणजे किती लांब — दोन गल्ल्या!

९ जानेवारी
जाऊ का नको. अण्णांनी बोलावं, एवढंच पाहिजे. शिवी घातली तरी चालंल.

११ जानेवारी, शनिवार
गेले. स्कार्फ बांधून, सगळ्यात मागं. अण्णा लई वाळलेत. जरा थांबले की खोकतात. उत्कर्ष गल्लीचा इतिहास सांगतो, पाहुणे फोटो काढतात. वेशीपाशी अण्णांनी शिवरंजनी राग वाजवला. माझं नाव ज्याच्यावरून ठेवलं, तोच! स्कार्फ ओला झाला.

मग आमची गल्ली. आमच्या दारापुढं अण्णांनी सनई खाली घेतली. संबळही थांबला. उत्कर्ष हळूच म्हणाला, "ही इथली जुनी रीत. मयत झालेल्या घरापुढून वाजवत जायचं नाही."

"कोण गेलं?" एका बाईनं विचारलं.

"या आपल्या सनईवाल्या बब्रुवानकाकांची मुलगी. चार वर्षं झाली म्हणतात."

बाईनं हात जोडले. माझ्या दाराला! आत सासूबाई टीव्ही बघत बसलेल्या.

ओरडावं वाटलं — अण्णा, म्या जिती हाय! पण भ्याले. थू माझ्यावर.

१२ जानेवारी
झोप न्हाय. लग्न केलं तवा अण्णांनी माझ्या नावानं अंघोळ केली, हे दादानं फोनवर सांगितलं होतं. वाटलं, रागाच्या भरात करतात माणसं, निवळतंय नंतर. कुठलं काय! रीत पाळण्यात अण्णा कधी चुकले न्हाईत, माझ्यापायी कशाला चुकतील?

१८ जानेवारी, शनिवार
आज तोंड बांधलं न्हाय. दार सताड उघडलं, बाहेरचा दिवा लावला, उंबऱ्यात उभी राहिले. बघू कसे थांबतात!

आले. थांबले. सनई खाली. माझ्याकडं बघितलंच न्हाय. मी म्हटलं, "अण्णा, जरा वाजवा की."

उत्कर्ष एकदा माझ्याकडं बघतोय, एकदा त्यांच्याकडं.

अण्णा संबळवाल्याला म्हणाले, "चला सिद्धलिंग, पुढं." आवाज पार बसलाय. पण लगेच हलले न्हाईत! सनई ओठापर्यंत नेली. वाजवली न्हाय. परत खाली घेतली आणि गेले.

ओठापर्यंत नेली होती. मी बघितलंय. नंदीशनंही बघितलंय.

१९ जानेवारी
पुढच्या शनिवारी वाजवतील. वाजवतीलच.

२२ जानेवारी
दादाचा फोन. अण्णांना सोलापूरला दवाखान्यात नेलंय, श्वास पुरत न्हाय. "तू येऊ नको. त्यांनीच सांगितलंय."

त्यांनी का तू, दादा? फोन कट.

नंदीशनं गाडी काढली. दादा दवाखान्याच्या दारातच उभा. आत सोडलं न्हाय.

२५ जानेवारी, शनिवार
अण्णा गुरुवारी रात्री गेले. आम्हाला काल संध्याकाळी कळवलं, सगळं उरकल्यावर. लग्न झालेल्या पोरीला बापाचं सुतक तीन दिवस. तेवढं तरी दादाला हिसकावता येत न्हाय.

रात्री फेरी आली. सनईवाला नवा, संबळवालाही नवा. वाजवत वाजवत सरळ आमच्या दारापर्यंत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला जिती बघितल्यावर उत्कर्ष तरी कशाला सांगंल!

मी बाहेर आले, हात वर केला. "थांबवा. या घरात सुतक हाय."

सनई थांबली. उत्कर्षला अजून कळलं नसावं. त्यानं विचारलं, "कोण गेलं, ताई?"

"ज्यांच्या जागी हे वाजवतायत, ते. माझे अण्णा."