सांगितलेली कंबर आणि खरी कंबर

चि. मास्तरीणबाईंस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. तब्येत कशी आहे, वेळेवर जेवतेस का आणि झोप लागते का, या तिन्ही प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं पाठव. फोनवर तू तिन्हींना मिळून एकच "हो" म्हणतेस आणि विषय बदलतेस. इकडे मामीचा गुडघा कुरकुरतो आहे (गुडघा कमी, मामी जास्त), दुकान चालू आहे, मी धडधाकट आहे, इज्जत तेवढी गेली आहे. ती कशी गेली हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो, कारण त्यात थोडा हात तुझाही आहे.

गेल्या सुट्टीत तू कटिंगच्या टेबलावर पाय हलवत बसली होतीस आणि मला तुझा विषय समजावत होतीस, आठवतं? गिऱ्हाइकाची खरी कंबर ही एक यादृच्छिक चल (म्हणजे मोजेपर्यंत नक्की न कळणारा आकडा), त्याने तोंडाने सांगितलेली कंबर ही दुसरी. दुसरी कळली, की पहिली काय काय असू शकते आणि त्यातलं काय कितपत शक्य आहे याचा सगळा पसारा बदलतो, त्याला म्हणायचं सशर्त वितरण. मी तर हरखूनच गेलो. उभा जन्म मी हेच करत आलो आणि त्याला इतकं भारदस्त नाव आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! चौतीस सांगणारा माणूस बहुधा छत्तीस असतो, कधी अडतीस असतो, आणि क्वचित एखादा खरोखरच चौतीस निघतो (अशा माणसाला मी पाणी विचारतो). तू गेल्यावर मी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागलो. मामी म्हणाली, अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका. पण मी कसला ऐकतोय.

तेवढ्यात बँडमास्तर आला. बागेच्या उद्घाटनाला अख्ख्या बँडला नवे गणवेश हवे होते आणि वादकांना माप द्यायला यायला सवड नव्हती, म्हणून त्याने सगळ्यांच्या कमरा फोनवरच कळवल्या. एरवी मी अशी ऑर्डर घेतलीच नसती. टेप अंगाला लागल्याशिवाय कात्री कापडाला लागत नाही, हा माझ्या वडिलांचा नियम (तुझ्या आईला विचार, या नियमापायी ते एका लग्नाच्या वरातीत शिरून नवरदेवाचं माप घेऊन आले होते). पण आता माझ्यापाशी विद्या होती! मी सांगितलेल्या प्रत्येक कमरेत सरसकट दोन इंच मिळवले आणि धडाधड पँट्स बेतल्या. शिलाईत जादा कापडाची माया सोडायची तीही कमीच सोडली, म्हटलं शास्त्र असताना माया कशाला. आणि गणवेश दिले कधी, तर उद्घाटनाच्या दिवशी सकाळी. घालून बघायला कोणाला वेळच उरला नाही.

आता पुढचं ऐक. ट्रॉम्बोनवाला पोरगा निघाला खरं बोलणारा. त्याची पँट पहिल्याच कडव्याला खाली निघाली. ते वाद्य दोन्ही हातांचं. तो बिचारा कंबर धरी तर सूर सुटे, सूर धरी तर कंबर सुटे. शेवटी गुडघे जुळवून तो ते सबंध गाणं एका जागी वाजवत राहिला आणि बाकीचा बँड त्याला सोडून पुढे चालत गेला. उलट मोठ्या ढोलवाल्याने सांगितलं होतं ते त्याच्या लग्नातलं माप, आणि त्याचा मोठा मुलगा आता नोकरीला आहे. पहिला टोला घातल्याबरोबर त्याच्या कमरेचं बटण सुटलं ते थेट समोरच्या झांजेवर. लोकांना वाटलं हा संगीताचाच भाग आहे. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी बँडमास्तर दुकानात आला तेव्हा मी त्याला शांतपणे सांगितलं, की सगळ्यांची मिळून सरासरी काढलीत तर माझं माप तंतोतंत बरोबर आहे. तो म्हणाला, "मामा, सरासरीला पँट घालायची नसते हो!" मग तुला फोन केला. तू आधी पोट धरून हसलीस (ते हसणं ऐकून बरं वाटलं, बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं) आणि मग समजावलंस, की वितरण म्हणजे एक आकडा नव्हे. आणि चौतीस सांगितले एवढीच अट पुरत नाही, ते कोणी सांगितले हीसुद्धा अट धरावी लागते. पटलं. सगळ्या पँट्स उसवल्या, आता एकेकाला टेप लावून पुन्हा शिवतो आहे. मामी काज-बटणं करते आणि अधूनमधून हळकुंडाची आठवण करून देते.

कळावे, लोभ आहेच. तो मापात बसत नाही.

तुझा,
मामा

ता. क. बँडमास्तरला तुझ्या कॉलेजच्या कागदावर दोन ओळी लिहून पाठव, की चूक गणिताची नव्हती, मामाची होती. गणिताचं नाव उगाच खराब व्हायला नको.

ता. क. दुसरा. तुझ्या मुलाखतीच्या कोटाचं कापड आणून ठेवलं आहे, पण "जुनंच माप ठेव, मामा" असं तू सांगितलंस तरी कापलेलं नाही. तुझ्या कॉलेजातल्या समारंभाचा फोटो तुझ्या आईने कौतुकाने पाठवला. ती तुझ्या हातातली फुलं बघत होती, मी खांदे बघत होतो. अंगातला निळा कोट मी शिवलेला. त्याची खांद्याची शिवण दंडावर उतरली आहे, कंबर मागून पिन लावून चिमटली आहे. आजवर खोटं माप सांगणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते कमी करूनच सांगत आलं. वाढवून सांगणारी तू पहिलीच. काम फार आहे, की कोणी काही बोललं, की दुखतंय काही? दिवसभर एकेक शक्यता मांडून बघतो आणि मशीनवर सुई मोडतो. जिवाला घोर लागला आहे, पोरी. तुझ्या आईला अजून काही बोललो नाही.

ता. क. तिसरा. शनिवारचं तिकीट काढलं आहे. टेप बरोबर आणतो आहे, आणि मामीही निघाली आहे, गुडघ्यासकट. यायचं का म्हणून विचारत नाही. तू म्हणशील, "मी मजेत आहे, उगाच त्रास घेऊ नका," आणि तू असं म्हणालीस म्हणजे खरं काय असेल, ते मला आता काढता येतं. दार तेवढं उघड.