पिक्चरचा मधला तास

३ फेब्रु., मंगळ.
दुपारभर सलूनमध्ये आम्ही दोघी माशा मारत बसलो. आमच्या सलवा भागातल्या अरब बायका थंडीची मजा म्हणून तंबू ठोकून वाळवंटात बसल्यात, केस कोण करून घेणार. माझ्या जोडीला काम करणाऱ्या एन्गोझीने तिच्या देशातला, नायजेरियाचा, नवा पिक्चर फोनवर लावला. प्रेमाचा. गिऱ्हाईक आलं की बंद, गेलं की पुढे. पिक्चर संपला की मी तिला सांगायचं, चांगलं काय नि वाईट काय, हा आमचा रिवाज. स्वतः रडते आणि मला परीक्षा घ्यायला लावते.

आज जेमतेम लग्नापर्यंत आलो. मुलाला लग्न नको, बापाने दम देऊन लावलं. चांगलं: नवरी. काय बाई आहे! एक शब्द न बोलता खुशी दाखवली. वाईट: पियानो. दार उघडलं की पियानो, पाणी प्यायलं की पियानो. आणि विग! एकाच जेवणात दोनदा बदलला. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे बघून गप्प कसं बसायचं?

संध्याकाळी आपाचा, मोठ्या बहिणीचा फोन, दापोलीहून. तिच्या मुलीला, रुखसारला स्थळ आलंय, शेजारच्याच गावचं. इरफान नाव, इथे अब्बासियात राहतो, भाजीच्या कंपनीत स्टोअरकीपर. "तू जाऊन बघ. तू हो म्हणालीस की हो." मुलगा गल्फला असला की आमच्यात हे असंच. इथल्या नातेवाइकाचा शब्द शेवटचा. रमजानआधी फोनवर निका उरकायचा म्हणतात. पोर एकतिशीची झाली. किती जण चहा पिऊन गेले आणि कळवतो म्हणाले. या वेळी मला स्वतः मेसेज केलान, खाला, लवकर जा हं. असं आजवर कधी केलं नव्हतं.

६ फेब्रु., शुक्र.
जुम्म्यानंतर ह्यांना घेऊन न सांगता इरफानच्या बिल्डिंगला गेले. सांगून गेलं तर काय दिसणार? आधी खालच्या मेसवाल्याला गाठलं. खरी खबर तिथेच मिळते. म्हणाला, असा मुलगा शोधून सापडणार नाही. नमाजी, विडी-सिगारेट नाही, कुणाशी भांडण नाही. मग वर गेलो. खोलीत चौघे, पण ह्याचा कोपरा झाडलेला. कंपनीच्या वफ्र्याच्या शेतावरच्या काकड्या आणून ठेवल्या होत्या, त्या कापून दिल्या. बोलणं अदबीचं. मी मनात पास करून टाकला.

निघताना गाडीपर्यंत आला. हे पुढे गेले तशी हळूच म्हणाला, "खाला, मला नापास करा."
मला वाटलं मस्करी. तोंड बघितलं तर नव्हती.
दुसरी कुणी आहे का विचारलं. नाही. आजार? नाही. मग रुखसारमध्ये काय कमी? तिच्यात काहीच नाही म्हणाला. "मला लग्नच नको. कुणाशीच. अम्मीसमोर तोंड उघडत नाही. मी नाही म्हटलं हे मात्र सांगू नका."

घरी येईपर्यंत डोकं भणभणलं. काय सांगून नापास करू? पितो म्हणू? उद्या तालुकाभर होईल, त्याच्या दोन बहिणी बिनलग्नाच्या आहेत. पास करू तर माझी पोर... धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

८ फेब्रु., रवि.
पिक्चरचा मधला तास. काही म्हणजे काही घडत नाही. तो कामावरून येतो, ती वाढते, तो जेवतो, ताट ठेवतो, जातो. मारत नाही, ओरडत नाही, वाईट माणूसच नाही. ती एकटी चुलीपाशी पातेल्याशी बोलते. एकदा त्याने मीठ मागितलं तर हिचा चेहरा फुलला. मीठ मागितलं म्हणून! पियानोसुद्धा नाही.
एन्गोझीला हा भाग कंटाळवाणा वाटला, पुढे ढकलू म्हणाली. मी फोन हातातून काढून घेतला. सगळ्या पिक्चरमध्ये एवढंच खरं आहे. ज्याने केलं त्याने असं घर आतून पाहिलेलं असणार.
मला काय, माहीतच आहे ते घर.

इरफानला फोन केला, तूच सांग रे बाबा तुझ्या आईला. नुसता हो हो करत राहिला. नाही सांगणार तो.

१० फेब्रु., मंगळ.
संपला पिक्चर. शेवट टाकाऊ. ती आजारी पडते, तो हॉस्पिटलात तिचा हात धरून रडतो (सलाईनची नळी चादरीत, हाताला लावलेलीच नाही), सासू एका वाक्यात सुधारते, एक गाणं, की जुळी मुलं. एन्गोझी ढसाढसा. मी म्हटलं, लबाडी आहे ही. तासभर खरं बोलायचं नि शेवटी गोड गोळी द्यायची. ती नाक पुसत म्हणाली, शेवट असा नसेल तर मी बघूच कशाला? तिचा नवरा तिकडे एनुगूला, ही इथे.

रात्री जेवताना ह्यांना इरफानचं सगळं सांगितलं. फोनवरून नजर न काढता म्हणाले, "हो म्हणून टाक. होतं सगळं नीट. आपलं नाही झालं?"
सरळ मनाने म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं. बावीस वर्षं झाली, ह्यांना खरंच वाटतं नीट आहे. मी भाजी वाढली आणि ताटावरून उठले. चीड आली, रडूही आलं.

१२ फेब्रु., गुरु.
आपाचा फोन घेतला नाही. रुखसारला लावला, गच्चीवर जा म्हटलं. ठरवलंच होतं, जिचं लग्न तिला तरी खरं कळू दे. सांगितलं सगळं, इरफानचे शब्द जसेच्या तसे. पिक्चरसुद्धा सांगितला. मधला तास सांगितला, मीठ सांगितलं. शेवट खोटा असतो गं, असं म्हटलं.

मला वाटलं, आता रडेल.
"मला माहीत आहे, खाला. त्याने मलाही सांगितलंय. नंबर मीच मिळवला होता."
मग तरी?
"तरी हो म्हणा. न बोलणारा नवरा चालेल मला. इथे सगळे बोलतात."

माझ्याकडे बघ म्हणणार होते. ते तर ती लहानपणापासून बघतेच आहे.
उद्या जुम्म्यानंतर आपा आणि भावजी दोघं मिळून फोन करणार. दोन्ही घरं माझ्या तोंडाकडे बघत बसलीत, आणि मला अजून हो म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही.